वेशीबाहेरची सिमेंटची बाई

ओल्या शिंदीचा वास आधी आला. कोवळा, तुरट, घशात उतरणारा. मग ती दिसली. सिमेंटची बाई, हातात अर्धी वळलेली केरसुणी, आणि पायाशी शिंदीच्या खऱ्याखुऱ्या, भिजवलेल्या पानांचा भारा.

"बाई, बसा की तिच्याशेजारी," वहिनीसाहेब म्हणाल्या. "तुमच्या घरातलंच काम. पोरांना वळून दाखवा. व्हिडिओ झकास होईल."

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या सांगलीच्या शाळेच्या अध्यक्षांच्या पत्नी. मी तिथे मराठी शिकवते. आठवीची सहल महाबळेश्वरला निघाली होती. वाटेत, साताऱ्याच्या अलीकडे, जगभरच्या संस्कृती दाखवणारी ही बाग लागली.

जपानच्या लाल पुलावर मुले वाकून मासे पाहत होती. मूळची आटपाडीची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडं नुसता पूल बांधा, पाणी आमी टँकरनं आणतो." सगळे हसले, मीही. इजिप्त झाले, हॉलंडची पवनचक्की झाली. शेवटी 'आपले गाव'. वेशीच्या आत पाटील, सोनार, कुंभार, देऊळ, आड. वेशीबाहेर ती सिमेंटची बाई, एकटी. खाली पाटी: 'मांगीण'.

माझी जात शाळेच्या दप्तरात आहे. त्या दिवशी ती चव्हाट्यावर आली, तीही गोड, हसऱ्या आवाजात.

चाळीस मुले माझ्याकडे वळली. मोबाइल उचललेले. माझे गुडघे वाकू लागले. हे मी लपवणार नाही. शरीराला हुकूम आधी कळतो, अपमान नंतर.

मूर्तिकाराने तिची बोटे गुळगुळीत घडवली होती. शिंदीचे पान पात्यासारखे कापते. माझ्या आईच्या बोटांवर चिरा होत्या; पिठात मीठ पडले की त्या झोंबत. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आई दारोदार जाई. केरसुणी उंबऱ्याबाहेर ठेवायची, चार पावले मागे सरायचे. घरची बाई केरसुणीवर पाणी शिंपडी, मग हळदकुंकू वाही. केरसुणी लक्ष्मी होऊन आत जाई. वळणारी बाहेर.

माझे गुडघे ताठ झाले.

"मी मराठी शिकवते, वहिनीसाहेब," मी म्हणाले. "इथेही तेच करीन."

मग मुलांकडे वळले. आत्ता पाहिलेल्या देशांत कुणाला वेशीबाहेर बसवले होते का, असे विचारले. ती आटपाडीची मुलगी म्हणाली, "न्हाई, बाई. हितंच."

मी विचारले, का? आणि तिथेच उभी राहिले. घाई केली नाही. मोबाइल एकेक करून खाली आले.

हा प्रश्न मी आता दर वर्षी, दर वर्गाला विचारणार आहे. अभ्यासक्रमात तो नाही, फळ्यावर असेल. शाळेतून काढले तर शाळेच्या फाटकाशी उभी राहून विचारीन. केरसुणी वळणे माझ्या हातांना येते, त्याची मला लाज नाही. पण कुणाच्या हौसेखातर मी ती वळणार नाही. कधीच नाही.

बसकडे परतताना वहिनीसाहेब माझ्या अगदी जवळून गेल्या. नऊ वर्षांत त्यांनी मला 'अहो बाई' आणि 'तुम्ही' याखेरीज संबोधले नव्हते. मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या म्हणाल्या,

"माजलीस."