मामांचा बिबट्या

चूक होणं ही गोष्ट आमच्या अहमदपूरच्या मामांच्या पत्रिकेतच नाही. चुकतो तो समोरचा. एकदा एसटी स्टँडवर त्यांनी एका पाठमोऱ्या माणसाच्या पाठीत "काय सोपाना" म्हणून थाप मारली. माणूस वळला, तो भलताच निघाला. मामांनी त्याला नीट न्याहाळलं आणि बजावलं, "मागून तर तू सोपानच हायस. म्होरून कसा बदललास ते तू बघ." तो बिचारा माफी मागून गाडीत चढला.

असल्या नजरेच्या माणसाला मी नांदेडहून कॅमेरा आणून दिला. समोर काही हललं की अंधारातही आपोआप फोटो काढणारा. मुगात रानडुकरं शिरत होती, म्हणून मामांनी तो बांधावरच्या बाभळीला बांधला. पोळा झाला आणि कॅमेऱ्यात एक फोटो निघाला. काळा-पांढरा, कुठल्याशा जनावराचा नुसता मागचा भाग, अंगभर गोल गोल ठिपके. मामांनी चष्मा न लावताच निकाल दिला, "बिबट्या."

"पण मामा, शेपटीला गोंडा दिसतोय."

"म्हातारपणी येतो," मामा म्हणाले.

चहा निवायच्या आत फोटो गावभर फिरला. सरपंचांना त्यात नरभक्षकाची लक्षणं दिसली. एका वार्ताहराने मामांना बांधावर उभं करून वन्यजीव अभ्यासक करून टाकलं, आणि मामांनी बिबट्याचं वय, वजन, स्वभाव सगळं सांगितलं. अडचण एवढीच झाली, की मूग तोडायला येणाऱ्या बायका घरी बसल्या. शेंगा वाळून गेल्या होत्या, आभाळ रोज भरून येत होतं, आणि पाऊस झाला तर शेंगेतच मूग उगवणार हे मामांनाही कळत होतं. मामी म्हणाली, "आता तुमच्या बिबट्यालाच लावा तोडणीला."

शेवटी वनरक्षक आला. बाभळीखाली वाकून त्याने अदबीने विचारलं, "मामा, तुमचा बिबट्या कडबा खातो का?" तिथे शेणाचा चांगला मोठा पो पडला होता.

मामा त्यावरही काहीतरी सांगणार होते, पण वनरक्षकाने कॅमेऱ्यातला ताजा फोटो उघडला. त्यात तोंड आलं होतं. शिंगांना बेगड. मामांनी चष्मा लावला. गेरूत पेल्याचा काठ बुडवून अंगावरचे ते गोल ठसे त्यांनी स्वतःच पोळ्याला उठवले होते, खास मावशीच्या गावी जाऊन. ट्रॅक्टर आल्यावर चांद्या बैल त्यांनी ओढ्यापलीकडे मावशीला देऊन टाकला होता. "बैलाला काय, वैरण मिळाली की इसरतो," असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

मावशीला फोन लावला. "व्हय दादा, रातचा दावं तोडून जातोय," ती म्हणाली. "सकाळी वढ्याकाठी सापडतोय. तुला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

बायका आल्या, पावसाआधी मूग घरात आला. चांद्याही आला. शेडमधला ट्रॅक्टर बाहेर निघाला आणि ताडपत्री पांघरून अंगणात उभा राहिला. परवा गेलो तेव्हा मामा शेडमध्ये चांद्याच्या पाठीवरचे पुसट ठसे ओल्या फडक्याने पुसत होते. त्यांना डिवचायचं म्हणून मी विचारलं, "मग मामा, बिबट्याचं काय झालं?"

"चुकलं रं," मामा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. पण तो त्यांनी माझ्याकडे बघून म्हटला नव्हता.