मुका भोंगा

आमच्या घरात पाच फिरते स्पीकर आहेत आणि एक बायको. पाहुण्यांना मी हे असं सांगतो तेव्हा बायको आतून म्हणते, "क्रम बरोबर लावलात."

मी ऑर्गनवर जॅझ वाजवतो आणि त्यावरच पोट भरतो. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कात राहून हा उद्योग करणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर आम्ही दोघं आधी एकमेकांच्या बायकांची चौकशी करू. "जॅझ म्हणजे? लग्नात वाजवता का?" असं कुणी विचारलं की पूर्वी माझं डोकं फिरायचं. आता मी सरळ "हो" म्हणतो, कारण लग्नातही वाजवतो. रविवारी दुपारी अंधेरीच्या एका हॉटेलात जेवणाऱ्या लोकांसमोर वाजवतो. तिथे लोक डाळ तडका मागवतात आणि मधूनच टाळ्या वाजवतात; त्या कशासाठी, हे विचारायचं नसतं. मूळ शिक्षण वडिलांच्या भजनी मंडळातल्या पेटीवर. पेटीपासून ऑर्गनपर्यंत कसा आलो हे सांगायला बसलो तर वेळ जाईल, आणि मला सांगायचंय ते एका खोक्याबद्दल.

हा फिरता स्पीकर म्हणजे कमरेएवढं उंच लाकडी कपाट. त्याला दारं नसतात, बाजूंना फटी असतात. आत वरच्या कप्प्यात दोन तोंडांचा भोंगा आणि खालच्या कप्प्यात लाकडी ढोल, दोन्ही मोटरवर गरगर फिरतात. म्हणून आवाज एका जागी उभा राहत नाही, खोलीभर हिंडतो. वेग दोनच, हळू आणि जोरात. हळू असताना सूर झोपाळ्यावर बसल्यासारखा येतो-जातो, जोरात केला की थरथरायला लागतो. खरी मजा मधल्या चार-पाच सेकंदांत आहे. खटका ओढला की वरचा भोंगा हलका असल्यामुळे लगेच पळतो, खालचा ढोल जड, तो मागून सावकाश येतो. ती चार-पाच सेकंदं हाती यावीत म्हणून मी आयुष्यभर हा धंदा केला, असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. वरच्या भोंग्याला तोंडं दोन असली तरी आवाज एकातूनच येतो. दुसरं बंद असतं, नुसतं वजन सांभाळायला. ते नसेल तर बोलणारं तोंड एकीकडे कलतं आणि सगळं खोकं थाडथाड हलतं. पाहुण्यांना हे दाखवून मी म्हणतो, "आमच्या संसारातही असंच आहे, मी मुका." त्यावर बायको नुसती त्या पाहुण्यांकडे बघते.

पाचांपैकी एक हॉलमध्ये टीव्हीखाली आहे, एक बेडरूममध्ये, ज्यावर साड्यांच्या घड्या असतात, दोन बंद बाल्कनीत एकमेकांना चिकटून. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन कित्येक वर्षं समजत होत्या की आमच्याकडे घरघंटी आहे. एकदा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "भाईसाब, आप थोडा हमारा बाजरा भी पीस दो ना." मी खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

पाचवं खोकं आलं जवळच्या गोडदेव गावातून. माझा ऑर्गन ज्याच्या टेंपोतून जातो तो टेंपोवाला तिकडचाच. एकदा सामान चढवताना म्हणाला, "साहेब, आमच्या आळीत एका मावशीकडं असाच डबा हाय. त्यावर ती बरण्या ठेवते." मी त्या रविवारी हॉटेलात काय वाजवलं ते मला आठवत नाही. सोमवारी सकाळी मी मावशींच्या दारात.

चारी बाजूंनी इमारती उठलेल्या आणि मध्ये ते बैठं कौलारू घर. मावशींचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने बारीक, आवाज मात्र बाजारात तयार झालेला. खोकं माजघरात होतं. वर लोणच्याच्या बरण्या, आत फटींतून कोंबलेली सुकटीची पिशवी. मी गुडघ्यावर बसून फटीतून आत टॉर्च मारला आणि भोंगा शाबूत बघून माझे डोळे भरून आले. मावशी म्हणाल्या, "सुकटीच्या वासानं रडतोस का रे?"

त्यांचे यजमान हळदीच्या कार्यक्रमांत ऑर्गन वाजवायचे. दिवसा होडी, लग्नसराईत बँड. मुंबईतलं एक हॉटेल मोडलं तेव्हा त्यांनी तिथून हे खोकं आणलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, ऑर्गन भावकीत कुणीतरी नेला, खोकं तेवढं राहिलं. आता घर बिल्डरकडे जाणार होतं आणि मावशी पेणकरपाड्याला लेकीकडे, सातव्या मजल्यावर. लेकीने स्पष्ट सांगितलं होतं, ते धूड इकडे आणायचं नाही.

मी किंमत विचारली तर मावशी तडकल्या. "पैशे नको मना. मना त्याचा आवाज आयकायचाय. तू दुरुस्त कर न् मना बोलव. म्हाताऱ्याचा आवाज निंगाला तं यो खोका तुझा. न्हाय निंगाला तं मी परत न्हेन."

"नेऊन ठेवाल कुठे?"

"त्यो तुझा इचार न्हाय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. मनात म्हटलं, यात काय आहे, माझ्याइतकं हे यंत्र ठाण्यापासून वसईपर्यंत कुणाला कळतं? गर्वाचं घर खाली असतं, पण आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.

तीन महिने मी ते खोकं घेऊन बसलो. सुकटीचा वास जाता जाईना. बायको दादरची, मासळी बाजाराशेजारी वाढलेली, तिला वासाचं काही नव्हतं, उलट रोज दुपारी भूक लागते म्हणायची. पट्टे नवे घातले, मोटरींना तेल दिलं, ढोलाचं फाटलेलं कापड बदललं. सगळं सुरू झालं आणि एक दोष तेवढा उरला. हळू फिरताना प्रत्येक फेरीला 'टिक' असा बारीक आवाज. जोरात फिरवलं की तो बंद, हळू केलं की पुन्हा सुरू. दोन दिवस मी त्या टिकटिकीच्या मागे लागलो होतो. जेवताना बोलत नव्हतो. शेवटी सापडलं. भोंग्याच्या मुक्या तोंडाला खालून दोऱ्याने काहीतरी बांधलं होतं, बोटाच्या पेराएवढं, काळं, तेल पिऊन चिवट झालेलं. हळू फिरताना ते खाली लोंबायचं आणि फळीतल्या एका वर आलेल्या स्क्रूला लागायचं. जोरात फिरलं की बाहेरच्या बाजूला उडायचं, मग लागायचं नाही. म्हाताऱ्याने वजनासाठी लाकडाचा तुकडा बांधलाय, असं मला वाटलं. जुने लोक असले जुगाड करतात. मी तो दोरा कापला, ते सगळं कचऱ्याच्या वर्तमानपत्रावर टाकलं, त्याच्या जागी मोजून दोन वायसर चिकटवले आणि स्क्रू आत पिळला. टिकटिक गेली. पाचांत इतका नितळ आवाज दुसऱ्या कशाचाच नव्हता, आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या संध्याकाळी भाजी आणायला मीच गेलो.

मावशींना टेंपोवाल्याने रिक्षाने आणून सोडलं, भर दुपारी. नवं लुगडं, केसांत फूल. मी सोफा दाखवला, पण त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून खोक्याच्या अगदी शेजारी मांडली. बायको पाणी देऊन स्वयंपाकघरात गेली, दार मात्र तिने लोटलं नाही.

मी आधी हळदीची एक जुनी चाल वाजवली, त्यांना ओळखीची वाटावी म्हणून. संथ सुरू केली, दुसऱ्या कडव्याला मधले सूर माझ्या पद्धतीने वाकवले, आणि शेवटी खटका ओढला. भोंगा पळाला, ढोल मागून आला, खिडकीची काच थरथरली. मला माझंच वाजवणं आवडलं, असं क्वचित होतं. मी हात उचलून मावशींकडे बघितलं.

"ब्येस वाजवतोस," त्या म्हणाल्या. "पन यो त्याचा न्हाय."

मला राग आला. तीन महिन्यांचा राग. तरी आवाज खाली ठेवून मी म्हणालो, "मावशी, भोंगा तोच आहे, ढोल तोच आहे."

"आसंल. पन त्याच्यान टिक टिक व्हायाची. ती कुटं गेली?"

मावशी खोक्यावर हात ठेवून सांगायला लागल्या. त्यांच्या लग्नात नवराच बँडवाला, त्यामुळे हळदीला वाजवायला कुणी नव्हतं. खोकं मांडवाच्या कोपऱ्यात गप्प उभं होतं. लग्नानंतर कांकण सोडायचा खेळ झाला. नवऱ्याच्या मनगटावरचं हळकुंड एका हाताने सोडायचं असतं. "मी पयल्याच झटक्यात सोडला," मावशी म्हणाल्या. "त्यानं त्यो उचलला न् हितं आत बांधला. म्हन्ला, यो भोंगा मुका हाय, याला वजन पायजे. मंग बोलला, बाय, आपल्या घरात मुका मीच. तू बोलत र्‍हा, मी टिक टिक करीन."

पाहुण्यांना सांगतो तो माझा विनोद माझ्या आधी एका माणसाने केला होता, आणि माझ्यापेक्षा खरा केला होता. आणि मी त्याचं हळकुंड लाकडाचा तुकडा समजून कचऱ्यात टाकलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "ते मी काढून टाकलं. मला कळलं नाही."

"टाकला?"

"हो."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा केला आणि उठल्या. "टेंपोवाल्याला बोलव. मी परत न्हेते."

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, आमच्या दोघांकडे न बघता देव्हाऱ्यापाशी गेली आणि कुंकवाच्या करंड्यामागून एक छोटी स्टीलची डबी काढून आणली. आत कापसावर ते काळं हळकुंड होतं. दोराही होता, कापलेला, पण गाठीसकट.

"कचरा बांधताना दिसलं," ती मावशींना म्हणाली. "गाठ कांकणाची होती. म्हटलं, कुणाचं तरी असणार. असं टाकतात का?"

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही भाजी आणायला गेला होतात."

मी मागची फळी उघडली. दोन्ही वायसर काढले आणि आत पिळलेला स्क्रू पुन्हा होता तितका वर घेतला. ते करताना माझ्या हाताला लाज वाटत होती. बायकोने देवघरातला दोरा आणला. मी बांधायला गेलो तर मावशींनी माझा हात बाजूला केला. "मी सोडलेला, मीच बांधीन." एका हाताने सोडलेलं बांधायला त्यांना दोन्ही हात लागले. गाठ मारताना दोऱ्यावर बोट बायकोने धरलं.

मी पुन्हा ऑर्गनवर बसलो. तीच चाल, संथ. दोन फेऱ्या काहीच ऐकू आलं नाही. मग सुरांच्या मागे, अगदी बारीक, टिक. पुढच्या फेरीला पुन्हा टिक. मावशींनी डोळे मिटले. त्यांचं एक बोट गुडघ्यावर हलत होतं, माझ्या तालावर नाही, त्या टिकटिकीवर.

"हां," त्या म्हणाल्या. "आला."

मी चाल पुढे नेली. शेवटचं कडवं आलं, तिथे खटका ओढायचा असतो. नवरी मांडवात येते ती जागा. माझा डावा हात आपसूक तिकडे गेला.

"नको," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "जोरात फिरवू नको. जोरात ग्येला का त्यो गप व्हतो."

खालून बेनच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात रिकामी डबी. मी खटक्यावरचा हात काढून घेतला आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, हळू.