हिवाळ्यात धावायचं कुठे?

उर्वी धावून परत आली की मला आधी जिन्यातून तिचा खोकला ऐकू येतो, मग बेल. ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. आत्ता ती झोपली आहे आणि मी लिहीत बसले आहे.

माझी लेक पोलीस भरतीची तयारी करते. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही, म्हणजे ही शेवटची भरती. मैदानी चाचणी फेब्रुवारीत. दिवसभर ती एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, त्यामुळे धावायचं ते पहाटेच. आम्ही राहतो मानपाड्याला, कारखान्यांच्या शेजारी. पावसाळ्यात कारखान्यांचा वास निघून तरी जातो. थंडीत तो सकाळी रस्त्यावरच बसून असतो.

बागेत गेली, तर फिरायला येणारे आजोबा म्हणाले, "ए बाळा, इथे चालतात. पळायचंय तर गावाला जा." गच्चीवर गेली, तर खालच्या मजल्यावरचे महिपतकाका अनवाणीच वर आले, "उर्वी, आमचा पंखा हलतोय गं!" सर्व्हिस रोडवर कुत्री मागे लागली. शेवटी गावाच्या कडेचं मैदान सापडलं. तिथे वास जरा कमी. थोडे दिवस बरे गेले आणि लग्नसराई आली. गावातल्या हळदी त्याच मैदानात, मांडव आणि रात्रभर नाच.

परवा ती उशिरा आली. दार उघडलं तर दोन्ही गालांना हळद!

"कुणाशी केलंस?"

"काय?"

"लग्न!"

ती दारातच बसून हसायला लागली आणि हसता हसता खोकायला. खोकला थांबेना. मी पाठ चोळत राहिले.

मग कळलं. मांडवाच्या कडेने धावताना तिचा दम कोंडला आणि ती खाली बसली. नवऱ्यामुलाच्या आत्याने, आवडाबाईंनी, तिला खुर्ची दिली, पाणी पाजलं. "अगो पोरी, हलदीच्या घरी आलीस, तशीच जाशील काय?" म्हणत गाल माखून टाकले.

"भारी होत्या गं बायका," उर्वी म्हणाली. मग हळूच, "पण आई, अर्धी फेरीपण झाली नाही."

डॉक्टर म्हणाले, छाती ठीक आहे, धावणं चालेल, पण या हवेत नको. "हवा काय दुकानात मिळते?" बाहेर आल्यावर ती म्हणाली. तिचं म्हणणं, चाचणीपर्यंत आत्याकडे राहते. माझी नणंद शीला ठाण्यात, बाळकुमला असते. तिच्या संकुलात धावायला वेगळी वाट आहे, आजूबाजूला झाडं आहेत. मी दोनदा नाही म्हटलं. तिथून कामावर जाण्यायेण्याचं कारण दिलं. खरं म्हणजे दिवाळीत शीला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, पोरीचं लग्न करायचं सोडून तिला पळवत काय बसलात?" तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आणि उर्वी नजरेआड झाली तर मला काय कळणार, हेही आहेच.

पण इथे माझ्या नजरेसमोर ठेवून मी तिच्यासाठी काय करते आहे? पाठ चोळते, एवढंच. भरती हातची गेली, तर पाठ चोळून ती परत येणार नाही. फार थकले आहे मी, पण एवढं कळतंय.

उद्या उर्वी बूट घालायच्या आत शीलाला फोन करणार आहे. ती काय बोलेल ते बोलू दे. माझी लेक महिनाभर ठेवून घे, एवढंच सांगायचं आहे.