छाप्यावरचा चहा

बेल्याकडच्या त्या छाप्याची आठवण निघाली की मला आधी जीप आठवते, आरोपी नंतर. छापा गुप्त होता. मी ड्रायव्हरला म्हणालो, "रस्ता सोड, शेतातून घे." काळी जमीन, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस. जीप अर्ध्या चाकापर्यंत रुतली. मग बैलजोडी आली, दोर आला, कापूस वेचणाऱ्या बाया आल्या आणि माझा गुप्त छापा बघायला सारं गाव बांधावर जमलं.

खबर पक्की वाटत होती. शेतातल्या टिनाच्या खोलीत एक अनोळखी माणूस राहतो, सहसा बाहेर पडत नाही, आणि एक बाई रोज स्कूटीवरून पुडी आणून देते. आमच्या भागात कापसाच्या आडून गांजा लावणारे सापडतात. मी मनातल्या मनात पंचनामा लिहूनही टाकला होता.

बाई खोलीच्या दारातच सापडली. शाळेची टीचर निघाली.

"पुडीत काय आहे?"

"गोळ्या."

"कोणाच्या? नाव सांगा."

"नाव नाई सांगत, सायेब."

"मग ठाण्यात सांगाल?"

"तिथं बी नाई. पण चाला, आज शाळेले सुट्टीच हाये."

लोकांनी मला घाबरावं याचाच मी पगार घेत होतो. हे उत्तर ऐकून मीच इकडंतिकडं पाहू लागलो, आणि त्यामुळं खोली नीट दिसली. काही लपवणारा माणूस खिडकी बुजवतो. इथं ऐन थंडीत समोरासमोर टिन कापून दोन नव्या खिडक्या पाडल्या होत्या. कापलेली धार लागू नये म्हणून तिला सायकलची जुनी ट्यूब लावली होती. वारा खेळावा म्हणून एवढी मेहनत गांजासाठी कोणी करत नाही. आत खाटेवर एक वाळलेला माणूस तोंडाला रुमाल बांधून बसला होता.

"टीबी?" मी हळूच विचारलं.

टीचरनं मान डोलावली. हा कापसाच्या जिनिंग कारखान्यातला हमाल. खोकला वाढला तशी घरमालकानं त्याची वळकटी रस्त्यावर ठेवली. तो बस स्टँडवर झोपू लागला, औषध सुटलं. टीचर आणि तिच्या ओळखीचे दोन-तीन क्लार्क अशा माणसांसाठी जागा शोधत, आळीपाळीनं डबा पोचवत. "गोळ्या सरकार फुकट देते, सायेब. पन रस्त्यावर झोपून त्या अंगी लागत नाईत. आधी छप्पर, मंग दवाई." खोली शेतमालक पटेलानं दिली होती. गावात आजार पटेल आणि टीचर यांनाच माहीत होता.

पण पोलिसाचं 'हळूच' बांधापर्यंत ऐकू जातं.

"काऊन हो पटेल, टीबीवाला ठेवला काय?" एक वेचणारी ओरडली. "आमी उद्यापासून येत नाई!"

शेतात कापूस फुटून लोंबत होता. गर्दीतच उभ्या पटेलाचा चेहरा उतरला. "मॅडम, आजच काढा त्याले," तो म्हणाला. आतला माणूस कांबळं घडी करू लागला. त्याला सवय होती.

पटेलाला हुकूम द्यायचं कलम माझ्याकडं नव्हतं. टीचर माझ्याकडं वळली.

"सायेब, गाव तुमी गोळा केलं. आता त्याच्या खाटेवर बसा अन् त्याच्या हातचा चहा घ्या. थुंकी तपासून झाली, साफ आली. आता कोणाले लागत नाई."

मी बसलो. त्यानं चूल पेटवली. कप हातात आला आणि मी त्यावर फुंकर घालत राहिलो.

"सायेब, नुसते फुंकून नका राहू, प्या!" बांधावरून आवाज आला.

मी प्यालो. मग तीच वेचणारी दारापर्यंत आली. "मले बी दे अर्धा कप. दूध उरलं ना?" मागून आणखी दोघी आल्या. पटेलानं त्या बायांच्या हातातले कप पाहिले. शेवटी आत वाकून म्हणाला, "उकल बापा ते कांबळं."

स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'आक्षेपार्ह काही आढळलं नाही.' आधार देणं म्हणजे खोली मिळवून देणं, असं मी समजत होतो. ती बाई खोलीबरोबर शेजारही मिळवत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून असं काम कोणी करून घेतलं नव्हतं.

घरी आल्यावर सारं रंगवून सांगितलं. वाटलं, कौतुक होईल. बायको भाजी निवडत होती.

"वर्दीत प्याले ना तुमी? मंग लोकं म्हनतील, ड्यूटी होती. आयतवारी साध्या कपड्यात जाऊ. मी बी येते."