पाटावरची सातवी जागा

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आवाज चिमटीत धरून पाहणारा माणूस एकच आहे, आणि तो आपल्या नात्यातला आहे. मुलांनो, ही गोष्ट मी तुम्हांला फार पूर्वीच सांगायला हवी होती. ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, माझे भाऊजी. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. तुम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा फोन त्यांच्या हातात असल्यामुळे तुम्हांला फक्त कपाळ दिसलं. कपाळाखालचा माणूस कसा आहे ते कळावं म्हणून हा खटाटोप.

भाऊजींनी सगळी नोकरी कापसाची प्रत ठरवण्यात काढली. बाजारात गाड्या लागल्या की ते प्रत्येक ढिगातून मूठभर कापूस काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचे, आणि हाती राहिलेले तंतू आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून डोळे बारीक करून पाहायचे. मग चिठ्ठीवर लांबी, ताकद, ओलावा, कचरा, आणि शेवटी ग्रेड. त्यांच्या ग्रेडवर शेतकरी आणि व्यापारी दोघेही सारखेच नाराज असत. यालाच भाऊजी न्याय म्हणत. निवृत्तीनंतर कोट कपाटात गेला, पण चिमूट थांबली नाही. तुमच्या आईबाबांच्या लग्नात ओळखी करून देणं चाललं होतं, तेव्हा यांनी तुमच्या दुसऱ्या आजीच्या शालूचा पदर चिमटीत धरला आणि मांडवभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, "याच्यात रेशमापेक्षा सूत जास्त हाये." विहीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला खोदून खोदून विचारलं, आणि भाऊजी बरोबर निघाले. त्यानंतर मात्र त्या भाऊजींना विचारल्याशिवाय साडी घेत नाहीत.

अशा माणसाच्या हाती गिटार पडली ती माझ्यामुळे. दर दिवाळीआधी मी माळ्यावरच्या वस्तूंची यादी करते, आणि माळ्यावर चढताना भाऊजी माझी खुर्ची धरतात. एका वर्षी तुमच्या बाबांनी कॉलेजात हट्टानं घेतलेली आणि दोन महिन्यांत सोडून दिलेली इलेक्ट्रिक गिटार मी खाली दिली. भाऊजींनी सवयीनं तार चिमटीत धरली, ओढली, सोडली. आणि ते गिटार घेऊन तसेच उभे राहिले. मीही वर तशीच उभी राहिले, कारण खुर्ची त्यांनी सोडून दिली होती.

वाजवायला ते बरे शिकले. पण वाजवण्यापेक्षा त्यांना नाद लागला पेडलचा. पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी. गिटारचा आवाज एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं सोंग घेऊन बाहेर येतो. एखादं पेडल आवाज घुमवतं, एखादं तोच आवाज चारदा म्हणून दाखवतं, एखादं त्याला टराटरा फाडतं. तुमच्याकडे या सगळ्यांना नावं आहेत हे मला ठाऊक आहे, पण भाऊजींनी ती कधी मान्य केली नाहीत. घुमवणाऱ्या पेडलबद्दल ते म्हणत, "ओलावा जास्त हाये." फाडणाऱ्याबद्दल, "वहिनी, हे तं सरकीसकट वाजून राह्यलं!" पहिल्या वर्षी घेतलेलं एक पेडल त्यांनी अर्ध्या मिनिटात बंद केलं आणि "कवडी!" म्हणून बाजूला ढकललं. किडक्या, पिवळ्या पडलेल्या कापसाला आपल्याकडे कवडी म्हणतात. प्रत्येक पेडलची रीतसर चिठ्ठी व्हायची, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या चिठ्ठ्या क्रमवार लावून मी एका खोक्यात ठेवल्या आहेत.

त्यांचा नाद गल्लीलाही पुरून उरला. एकदा भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, गिटारमधून घूंऽ असा आवाज येतो म्हणून त्यांनी घरोघरी जाऊन सगळ्यांना कूलर बंद करायला लावले. माणसं घामानं निथळत अंगणात येऊन उभी राहिली. घूं तसाच. शेवटी कुणीतरी विचारलं, "काकाजी, तुमच्या घरची पिठाची चक्की चालू हाये काय?" ती चालू होती. भाऊजी जराही ओशाळले नाहीत. "म्हणजे कूलरवाले निर्दोष हायेत," असा निकाल देऊन ते आत गेले.

माझ्या धाकट्या जावेचा, म्हणजे भाऊजींच्या बायकोचा, या सगळ्याला विरोध नव्हता. तिचा फक्त एक नियम होता. ती नवरी म्हणून ज्यावर बसली तो सागवानी पाट तिनं माजघरातून आणून भाऊजींच्या पायाशी ठेवला. "याच्यावर मावतीन तेवढ्याच डब्ब्या ठेवा. पाटाबाहेर एक जरी दिसली, तं मी तिच्यात जिरं भरीन." पाटावर सात मावत. आठवं पेडल आलं की एकाला जावं लागे, आणि जाणाऱ्याची पाठवणी ती स्वतः करी. हळदकुंकू लावायची, वर खडीसाखरेचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "जाय बाई. सासरी इतकी घुमू नोको."

सासर म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतलं एक वाद्यांचं दुकान. दुकानदार पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचा; जुनं पेडल घेऊन नवं द्यायचा. महिन्यातल्या एका रविवारी भाऊजी बडनेऱ्याहून गाडी पकडत. अंगात तोच काळा कोट, पिशवीत पाठवणीचं पेडल, आणि दुकानदारासाठी डब्यात भरलेला अमरावतीचा गिलावडा, म्हणजे दही-चटणीत भिजलेला वडा. मी एकदा बरोबर गेले होते.

"काकाजी, हे न्या," दुकानदार म्हणाला. "सगळे पोट्टे हेच नेऊन राह्यले."

"पोट्टे काय नेतात ते मले नोको सांगू. चालू कर."

भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं, मग पेडल उचलून कोटाच्या बाहीवर ठेवलं आणि न्याहाळलं. "लांबी हाये. ताकद नाई."

"अहो, हा काय कापूस हाये काय?"

"सगळा कापूसच असते, बाबू. तू गिलावडा खाय, दही आंबट होऊन राह्यलं."

दुकानदारानं माझ्याकडे पाहून हात जोडले. पण भाऊजींनी नाकारलेली पेडलं तो इतरांना विकत नसे, असं त्यानंच मला हळूच सांगितलं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. भाऊजींनी त्या दिवसासाठी एक चाल बसवायला घेतली. माझी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा धान्य पाखडताना आईकडची एक ओवी गुणगुणायची, तिची चाल. "पयले लय गायची," भाऊजी मला म्हणाले. "आता नाई गात. घरदार करता करता गाणं गेलं तिचं. मी ते वापस देणार हावो." या एका चालीसाठी त्यांनी पाटावरची सातवी जागा रिकामी ठेवली. तिथे आवाजाला वरून चकाकी देणारं पेडल यायचं होतं.

आणि ते काही केल्या मिळेना. भाऊजींना आवाज बुडालेला वाटायचा, कापसाच्या गाठीत कोंबलेला. त्यांनी तारा बदलल्या, वायरी बदलल्या, दोष विजेला दिला, हवेला दिला. चकाकीची पेडलं अकोल्याहून येत आणि खडीसाखर घेऊन परत जात. इकडे आमच्या कानांत मात्र आवाज सुईसारखा घुसत होता. समोरच्यांचा कुत्रा पलीकडच्या गल्लीत राहायला गेला. जाऊ म्हणाली, "बाई, माह्या दातात वाजते." माझ्याही ध्यानात येत होतं की फाटकाची घंटा त्यांना ऐकू येत नाही आणि मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागतं. मी काय केलं? भिडेखातर मोठ्यानं बोलू लागले. जाऊ धीट, तिनं एकदा स्पष्टच सांगितलं, "कान दाखवून या."

भाऊजी चिडलेले मी तेवढेच पाहिले. "कान ठीक हायेत माहे! ज्याचे कान गेले त्यानं आवाजाची ग्रेड देऊ नाई, अन् वाजवू तं नाईच नाई. माहे गेले असतीन, तं ही गिटार वहिनीच्या माळ्यावर वापस." त्यानंतर कुणी विषय काढला नाही. त्यांचा स्वभाव आम्हांला ठाऊक होता. त्यांनी गिटार खरंच माळ्यावर ठेवली असती.

शेवटी दोन पेडलं उरली, आणि दोनांतून एक निवडायचं ठरलं. भाऊजींनी बाजारातली पद्धत लावली: ढीग कुणाचा ते ग्रेडरला कळता कामा नये. ते पाठ फिरवून तुळशीकडे तोंड करून बसले. जाऊ हवं ते पेडल पायानं दाबणार, भाऊजी वाजवून निकाल सांगणार, मी लिहिणार. नमुना एक. "लांबी चांगली, चमक कमी." नमुना दोन. "लांबी चांगली, चमक कमी." नमुना तीन. त्यांनी जरा जास्त वेळ वाजवलं, मान हलवली. "तेच. लांबी चांगली, चमक कमी."

जाऊ पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तिसऱ्या टायमाले दोन्ही डब्ब्या बंदच होत्या, मी काई दाबलंच नाई. दूध उतू चाल्लं होतं, मी आत पळाली."

भाऊजींनी माझ्याकडून तिन्ही चिठ्ठ्या मागून घेतल्या, काळ्या बाहीवर एकीखाली एक ठेवल्या आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"वहिनी, तीन ढिगांची एकच ग्रेड निघाली, तं खराबी मालात नसते. ग्रेडरात असते." त्यांनी गिटारची वायर काढली, गुंडाळली, गिटार पिशवीत घातली. "चला. तुमची खुर्ची धरतो."

मी म्हटलं, माळ्यावर जागा नाही. माझ्या यादीनुसार तिथे भरपूर जागा होती.

जाऊ मात्र कमरेवर हात ठेवून त्यांच्या समोर उभी राहिली. "इतकी वर्षं डब्ब्या बदलवल्या. एक खराब निघाली म्हणून गिटार कधी माळ्यावर टाकली काय? मंग कानाचाच एवढा राग काहून? सातवी जागा रिकामी हाये ना? आणा कानाचं मशीन, ठेवा तिथं. माहा नियम मोडत नाई."

भाऊजींनी गिटारची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "पण मी तपासून घेईन हो."

त्यांनी ते खरोखर तपासून घेतलं. अकोल्याच्या एका कानाच्या दवाखान्यात काळा कोट, गिटार, लहानसा स्पीकर आणि मी, असे आम्ही गेलो. मशीन बसवणारी मुलगी मोठी गोड. भाऊजींनी पाठ फिरवून चार मशीनं लावून घेतली, चारही वेळा तीच ओवीची चाल वाजवली, आणि मी चार चिठ्ठ्या लिहिल्या. या वेळी चारही निराळ्या निघाल्या! "याच्यात कचरा हाये, बेटा," ते एकाबद्दल म्हणाले, तशी तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी खालीवर केलं आणि विचारलं, "आता, आजोबा?" "आता साफ रुई झाली, सरकी-कचरा गेला," भाऊजी म्हणाले. बाहेर बाकावर दहाजण ताटकळले होते, पण कुणी कुरकुरलं नाही. सगळे दारातून गिटार ऐकत होते. परतीच्या गाडीत मी नेहमीप्रमाणे काहीतरी विचारलं, तर ते दचकले. "वहिनी, एवढ्या जोरानं काहून बोलून राह्यल्या?"

घरी येऊन त्यांनी पाटावरची पेडलं चालू केली आणि पहिल्याच सुराला स्वतःच कानांवर हात ठेवले. मग उठून पलीकडच्या गल्लीत गेले, समोरच्यांच्या कुत्र्याला बिस्किट दिलं आणि त्याची रीतसर माफी मागितली. चार पेडलांची पाठवणी त्याच संध्याकाळी झाली. जाऊला हळदीची वाटी पुन्हा भरून आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. जाऊ आत तांदूळ निवडत होती. भाऊजी चहाचा कप हातात धरून एकदम थांबले, उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"हे गाणं तू कधी सुरू केलं?"

"बंद कधी केलं होतं?" ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "रोजच तं गाते."

भाऊजी परत येऊन बसले. चहा त्यांनी तसाच निवू दिला.

लग्नाच्या वाढदिवसाला अंगणात पंचवीसतीस माणसं होती. जठारपेठेतला दुकानदारही आला होता. भाऊजींनी पाट समोर ठेवला, पण पाय एकाही पेडलवर ठेवला नाही. नुसती गिटार वाजवली. दुसऱ्या ओळीला जाऊ आपल्या नकळत गुणगुणू लागली, आणि भाऊजी थांबले. बोटं तारांवर तशीच. पाहुण्यांना वाटलं, बिचारे विसरले. दुकानदार पुढे वाकून सूर सांगू लागला, तर भाऊजींनी हात वर करून त्याला गप्प केलं. कुणी वाजवत नाही हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिनं ओवी शेवटपर्यंत म्हटली.

आता दुपारी भाऊजी वामकुक्षीला आडवे झाले की मशीनची डबी पाटावर सातव्या जागी असते. त्या वेळी कुणीही फाटकाची घंटा वाजवू नये, उपयोग नाही.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे कोरी चिठ्ठी घेऊन आले. मी चष्मा लावला, नमुन्याच्या जागी त्यांनी सांगितलं तसं जावेचं नाव लिहिलं, आणि विचारलं, "लांबी? ताकद?" त्यांनी हवेत चिमूट धरली, हलकेच ओढून पाहिली.

"कोरं राहू द्या, वहिनी," ते म्हणाले.

खोक्यात ती चिठ्ठी सगळ्यांत वर आहे. तुम्ही याल तेव्हा दाखवीन.