टोपीने राखलेली जागा

मेट्रोच्या त्या स्टेशनात तिला सगळे शिट्टीबाई म्हणायचे. फलाटावरच्या पिवळ्या पट्टीपुढे कुणाचा पाय गेला रे गेला, की तिची शिट्टी अशी वाजायची की जिन्यावरची माणसंसुद्धा थबकायची. आवाज करडा, अंगकाठी थोराड, पण चुकलेलं पोर दिसलं की पहिली हीच धावायची. नवरा ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर याच नोकरीवर तिने मुलाला वाढवलं, शिकवलं आणि गेल्या वर्षी त्याचं लग्नही लावून दिलं.

बाई घाबरायची ती एकाच गोष्टीला, इंग्रजीला. शहरात परदेशी पाहुण्यांची वर्दळ वाढली, तसे साहेबांनी कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग काढले. ही एकदा जाऊन आली आणि दुसऱ्या खेपेला दाढ दुखतेय म्हणून जी सटकली, ती कायमचीच. हातात नकाशा धरलेला पाहुणा दिसला की बाई हळूच खांबाआड.

आणि सून मिळाली ती नेमकी इंग्रजीची शिक्षिका! पोरगी वाईट नव्हती. पण नवराबायको स्वयंपाकघरात इंग्रजीत काहीतरी बोलून खुसखुसले की हिचं मन खट्टू व्हायचं. आपल्यावरच हसत असणार, दुसरं काय! पण विचारायचं कोणत्या तोंडाने? सासूसुनेचं बोलणं ‘जेवलीस का’, ‘जेवले’ याच्या पुढे सरकलंच नव्हतं.

एके दिवशी दुपारी फलाटावर गर्दी नव्हती. एक म्हातारं परदेशी जोडपं जिना उतरून आलं. आजी भिंतीवरचा नकाशा वाचू लागल्या. निळी लाइन, तांबडी लाइन, त्यांचं बोट नुसतं फिरत होतं. तेवढ्यात गाडी आली, दार उघडलं आणि आजोबा शांतपणे आत जाऊन बसले. आजींनी वळून पाहिलं तेव्हा दार मिटत होतं. काचेपलीकडून आजोबांनी हसून हात हलवला आणि गाडी निघून गेली.

आजींनी किंकाळी फोडली. शिट्टीबाई खांबाआडून धावतच बाहेर आली. असे प्रकार तिने चिक्कार पाहिले होते. मागे राहिलेला माणूस हवालदिल होतो, पुढे गेलेला पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतो, मग दोघं थोडं भांडतात आणि पुढच्या गाडीने जातात. तिने हातवारे करून आजींना सांगितलं, येतील, बसा. पण उलट्या दिशेची गाडी आली, आजोबा आले नाहीत. दुसरी आली, तिच्यातही नाहीत. आजी स्वतःच्या कपाळाला बोट लावून पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होत्या आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

शेवटी बाईने फोन काढला आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. सुनेला शाळेत फोन लावला.

“आई? काय झालं? बरं वाटत नाहीये का?” सून घाबरूनच गेली.

“मला कुठे काय झालंय? इथे एक आजी रडतायत गं, इंग्रजीत. तू बोल बघू त्यांच्याशी.”

आजींनी फोन कानाला लावला. आधी हुंदके, मग हुंदक्यांत शब्द, मग नुसते शब्द. ते संपले तशी त्यांनी फोन परत दिला.

“आई, आजोबांना काही लक्षात राहत नाही. हॉटेलचं नाव, शहराचं नाव, काहीच सांगता यायचं नाही त्यांना. आणि ते आपणहून उतरणारही नाहीत. आजींनी बजावून ठेवलंय, चुकामूक झाली तर बसल्या जागेवरून हलायचं नाही, मी येते. अंगात हिरवा स्वेटर आहे, आजींनीच विणलेला.”

बाई तडक साहेबांच्या खोलीत शिरली. पुढच्या सगळ्या स्टेशनांना निरोप गेला. थोड्या वेळाने शेवटच्या स्टेशनवरून उत्तर आलं. आजोबा सापडलेत, ठणठणीत आहेत, पण गाडीतून उठायला तयार नाहीत.

“मग आम्हीच जातो,” बाई म्हणाली.

“अहो, पण फलाटावर कोण थांबणार?”

“तुम्ही थांबा की.” तिने गळ्यातली शिट्टी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि आजींचा हात धरून पुढची गाडी पकडली.

आजींनी तो हात वाटेत एकदाही सोडला नाही. त्या सारख्या बोलत होत्या आणि बाई “हो ना”, “खरंय हो” म्हणत होती. एक अक्षर कळत नव्हतं, तरी बोलणं कुठे अडत नव्हतं. बोगद्याचा अंधार काचेवरून सरकत होता. बाई नकळत बोलून गेली, “तुमचे सापडले तरी. माझे गेले तिथे कुठली गाडीच जात नाही, आजी.” इतक्या वर्षांत हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. आजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला.

शेवटच्या स्टेशनवर एक गाडी दारं उघडी टाकून उभी होती. डबा रिकामा, आजोबा खिडकीशी. शेजारच्या जागेवर त्यांनी आपली टोपी ठेवली होती.

डबा झाडायला आलेला झाडूवाला म्हणाला, “वाटेत गर्दी होती, पण लोक सांगत होते, त्या जागेवर यांनी कुणाला बसू दिलं नाही. मी टोपी उचलायला गेलो तर माझ्यावरही डोळे वटारले.”

आजी पुढे झाल्या. आजोबांनी टोपी उचलली, हाताने जागा झटकली आणि काहीतरी म्हणाले. आजी तिथे बसल्या, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडत रडत हसल्या. बाई दारातच उभी राहिली. आजोबा काय म्हणाले, ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

दोघांना हॉटेलच्या दारात सोडून ती घरी पोचली, तेव्हा सून ताटं वाढून वाट बघत होती.

“आई, पुढे काय झालं? तासावर जावं लागलं, पण माझं कशात लक्ष नव्हतं.”

बाईने सगळं सांगितलं, टोपीचं सांगताना तर दोनदा थांबून. सून डोळे पुसत म्हणाली, “आजी काय म्हणत होत्या, माहितेय? या बाई ओरडतात फार, पण मला सोडून जायच्या नाहीत.”

बाई हसली. मग ताटाकडे बघत म्हणाली, “एक विचारू? तुम्ही दोघं स्वयंपाकघरात इंग्रजीत हसता, ते माझ्यावरच ना?”

“अगं बाई! तुमच्यावर कशाला?” सून लाजली. “ते घोरतात ना, त्यावरून चिडवते मी. तुमच्यासमोर मराठीत कसं बोलू?”

“घोरतो?” बाई ताट सरकवून सावरून बसली. “अगं, याचा बाप घोरायचा ना, तेव्हा भिंतीपलीकडचे शेजारी उठून बसायचे!”

मुलगा घरी आला तेव्हा जेवण गार झालं होतं आणि दोघी पोट धरधरून हसत होत्या. “काय झालं?” त्याने विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या पुन्हा खुसखुसल्या.