गॅरेजमधला हीटर

लंडनमध्ये एजवेअरला आमच्या शेजारी एक काका एकटे राहतात. त्यांच्याकडे पन्नासेक वर्षांपूर्वीची हिरवी गाडी आहे. नोव्हेंबर लागला की ते तिची बॅटरी काढतात, चाकांत जरा जास्त हवा भरतात आणि उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत फडकं कोंबतात. हे करताना ते तिच्याशी भरभरून बोलतात. माणसांशी बोलताना मात्र दुसऱ्याच वाक्याला "असो" म्हणून थांबतात.

यंदा जानेवारीत बर्फ पडला आणि घर गरम ठेवणारा त्यांचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार होता. काका आमच्याकडे राहायला येईनात, म्हणून मी त्यांना आमचा हीटर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर हीटर गॅरेजमध्ये गाडीजवळ चालू होता. काका स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून बसले होते. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"अहो काका, हे काय?" मी ओरडलेच.

"अगं, ओल आली की तिला गंज चढतो. असो."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

त्यांनी ओव्हरकोटची कॉलर वर ओढली. मग म्हणाले, "डोळ्यांपायी माझं लायसन्स गेलं. मार्चमध्ये तू तिला बाहेर काढशील? मी शेजारी बसेन."

मला गिअरची गाडी चालवता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी मी हो म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता डबा उघडू लागले. गारठलेल्या बोटांनी झाकण निघेना. मी हात पुढे केला, तर त्यांनी डबा तसाच बाजूला सारला.